फुटक्या सायलेन्सरची हाक

मित्रांनो, मी एक जुनी फटफटी आहे, आणि पहिल्याच शब्दाला माझं चाक अडलं आहे. यंत्राला 'मी' म्हणता येत नाही, असं शिकलेली माणसं सांगतात. ज्याला स्वतःची जाणीव असते तो सजीव, ज्याला नसते ते यंत्र, इतकी सरळ वाटणी आहे म्हणे. असेलही. पण कोल्हापुरातल्या मी मी म्हणणाऱ्या गाड्यांना मी एकेकाळी धुरात गडप केलेलं आहे. त्याचा अभिमान मला आजही वाटतो. तो जर माझा नसेल तर कुणाचा आहे, हे त्या शिकलेल्यांनी एकदा येऊन सांगावं.

असो. मी भांडायला आलेले नाही, गोष्ट सांगायला आले आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. तुम्हाला तरी तुमच्या जन्माची खोली कुठं आठवते? माझी आठवण सुरू होते ती शिवाजी पेठेत, सयाजीरावांच्या दारात. त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी माझ्या हँडलला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि सयाजीरावांनी पहिली किक मारली. शेजारच्या तालमीतली पोरं अंगाची लाल माती न झटकताच बाहेर आली.

"आरं तिच्या! आवाज हाय का तोफ?" एकजण ओरडला.

कौतुक किती गोड असतं ते मला त्या दिवशी कळलं. 'कळलं' म्हणू नये, असं कुणाला वाटत असेल तर टाकीतलं पेट्रोल जरा वर आलं असं समजा.

सयाजीरावांचा धंदा दुधाचा. घर पेठेत, पण गोठा नदीकाठच्या शेतात. सकाळी माझ्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकत. संध्याकाळी म्हशी पेठेतल्या कट्ट्यावर येत, आणि लोक ग्लास घेऊन धारेखाली उभे राहत. फेस मिशीला लागला की मगच दूध प्यायल्याचं समाधान, अशी आमच्या गावची रीत आहे. या सगळ्या धावपळीत एकदा शेताच्या वाटेवर मी दगडावर आपटले आणि माझ्या सायलेन्सरला खालून भोक पडलं. आवाज फाटला. तोफेचा झाला ढोल.

गल्लीच्या तोंडाशी फक्रुद्दीनमिस्त्रींचं गॅरेज आहे. ते आणि सयाजीराव लहानपणी एकाच संघातून फुटबॉल खेळलेले. मिस्त्री भोक बुजवायला बसले आणि सयाजीरावांनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, फक्रू. चांदीला ह्योच आवाज म्हाईत हाय."

चांदी ही त्यांची म्हैस. तेव्हा ती इवलंसं रेडकू होती. नाव चांदी, पण अंगावर शोधून पांढरा केस सापडायचा नाही. अमावस्येला गोठ्यात उभी राहिली तर डोळे तेवढे दिसत. तिची आई ती जन्मल्यावर लगेच गेली. थंडीचे दिवस होते. शेतावर पोचल्यावर माझं इंजिन गरम असायचं, आणि हे पोर थरथरत येऊन मला टेकून बसायचं. मी लोखंडाची. मला पान्हा फुटत नाही. पण ऊब होती, ती मी दिली. सयाजीराव बाटलीनं दूध पाजत आणि पाजण्याआधी माझा एक्सिलेटर पिळत. दोन आखूड, एक लांब: डुर्र, डुर्र, डुर्रर्रर्र. हीच तिची हाक झाली, आम्हा तिघांतली. मग ती बाटलीला धावली की मला, हे तिचं तिलाच ठाऊक.

आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवतात, हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर एकदा या. म्हशींचं अंग भादरून त्यावर नक्षी काढतात, शिंगं रंगवतात, त्यांना मोरपिसं बांधतात, पायात तोडे घालतात. मालक मोटरसायकल ताणतो आणि म्हैस त्याच्या मागून सुटते. त्या दिवशी चांदी माझ्या मागच्या दिव्याला नाक लावून पळायची. मी वळले की ती वळायची, मी थांबले की ती थांबायची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं, गच्चीवर माणसं, आणि मधून आम्ही दोघी. एकदा बाहेरगावच्या कुणी पाहुण्यानं विचारलं, "काका, ही म्हैस तुमच्या गाडीच्या मागे का हो पळते?"

सयाजीरावांनी गाडी न थांबवता उत्तर दिलं, "पावणं, म्हैस न्हाई गाडीच्या मागं पळत. गाडी म्हशीच्या पुढं पळती!"

त्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही, पण लोक हसले आणि माझी छाती फुगली.

मग एके दिवशी सयाजीरावांना झटका आला. त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि बोलणं जिभेतच अडकून बसलं. उजवा हात तेवढा शाबूत राहिला. म्हशी एकेक करून विकाव्या लागल्या. चांदी शालूबाईंनी विकू दिली नाही, आणि मी विकली गेले नाही, कारण मला कुणी मागितलंच नाही. दारात अडचण नको म्हणून शालूबाईंचे भाऊ बाळासो यांनी मला ढकलत गोठ्यात नेलं आणि फाटकी ताडपत्री घातली. ज्या गाडीला बघायला गच्च्या भरत होत्या तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. मी तक्रार केली नाही. चांदी माझ्या शेजारीच बांधलेली असे. ती माझ्या हँडलला मान खाजवायची. आमचं बरं चाललं होतं.

आता ते भांडण सांगते.

सयाजीरावांची लेक पूर्णिमा पुण्यात नोकरी करते. बोलणारी यंत्रं बनवण्याचं तिचं काम. ती सुट्टीला आली होती. चांदी तेव्हा गाभण होती. शालूबाई तिला वैरण टाकत होत्या, सयाजीरावांना उन्हात खुर्चीवर बसवलं होतं, आणि बाळासो तंबाखू मळत माझ्याकडं भंगाराच्या नजरेनं बघत होते.

"पूर्णे, तुझं ते यंत्र बोलतंय म्हणं?" ते म्हणाले. "मग त्येला इचार की, ह्या गाडीला गिऱ्हाईक कवा मिळंल?"

"मामा, ते बोलतं. पण आपण बोलतोय, हे त्याला कळत नाही."

"म्हंजे आमच्या साडूसारखं! लगीन झाल्यापास्नं बोलतोय."

पूर्णिमा हसली, पण पोरगी नेटाची. तिनं नीट समजावून सांगितलं. यंत्र 'मी' हा शब्द वापरतं, पण त्या शब्दामागं कुणी बसलेलं नसतं. माणसाला 'हा मी' हे कळतं. सजीव आणि यंत्र यांत तोच फरक.

"आन म्हशीचं गं?" शालूबाईंनी विचारलं.

"ते बघता येतं की, आई." तिनं माझा आरसा फिरवून काढला. मामांच्या डबीतला चुना बोटावर घेऊन चांदीच्या कपाळाला ठिपका लावला आणि आरसा तिच्यापुढं धरला. "आरशातली म्हैस म्हणजे आपणच, हे हिला कळलं तर ही कपाळ पुसायला बघेल."

चांदीनं आरसा हुंगला. मग लांबलचक जीभ काढून तो वरपासून खालपर्यंत चाटला.

"नापास," पूर्णिमा म्हणाली.

"तिला कशाला म्हाईत पायजे, आपण कोण हाय ते?" शालूबाई म्हणाल्या. "मला म्हाईत हाय की!"

सगळे हसले. आणि हसता हसता बाळासो बोलून गेले, "तसं बघाय गेलं तर आता दाजींस्नी तरी कुठं काय कळतंय? भरवलं की खात्यात, उठवलं की उठत्यात."

पूर्णिमेनं मान खाली घातली. तिची व्याख्या कुठं जाऊन लागली ते तिला दिसलं होतं. शालूबाई उठल्या, लेकीच्या हातातला आरसा घेतला, पदरानं पुसला आणि भावाच्या तोंडासमोर धरला.

"बाळ्या, आदी तू वळीख बघू, ह्यो कोण हाय त्यो."

बाळासो तंबाखू थुंकायच्या निमित्तानं बाहेर गेले. मी सयाजीरावांच्या अगदी समोर उभी होते. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं. पण मला बोलता कुठं येतं? आणि त्यांनाही कुठं येत होतं?

त्या वर्षी पाऊस थांबेना. धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीनं शेताचे बांध ओळखायचं सोडून दिलं. पाणी गोठ्यात शिरलं त्या सकाळी शालूबाई कमरेएवढ्या पाण्यातून विळा घेऊन आल्या. चांदी दाव्याला हिसके देत होती. त्यांनी दावं कापलं.

"जा बाये. तुझा जीव तू वाचीव. पोटातल्याचाबी."

चांदी पोहत निघाली. शालूबाई तिच्याकडं दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या. मग वळल्या, माझ्या टाकीवर हात ठेवून म्हणाल्या, "आन तुला गं काय करू मी?"

'तुला' म्हणाल्या, मित्रांनो. भंगाराला कुणी 'तुला' म्हणत नाही. त्यानंतर बरेच दिवस मी पाण्याखाली होते, आणि तेवढा एक शब्द मी टाकीत धरून ठेवला होता.

पूर ओसरला. मी गाळात हँडलपर्यंत रुतलेली. फक्रुद्दीनमिस्त्री टेम्पो घेऊन मला न्यायला आले आणि डोक्याला हात लावून बसले.

"वैनी, गाडीत गाळ गेला आसता तर काढला आसता. हितं गाळात गाडी गेलीया."

"घाला भंगारात," बाळासो म्हणाले.

पण त्याच दिवशी बातमी आली. नदीपलीकडच्या एका गावात हंबीरराव म्हणून एक म्हसवाले आहेत, त्यांच्या दारात पुरातून एक काळी म्हैस येऊन लागली आहे, गाभण आहे. शालूबाई तशाच भावाला घेऊन गेल्या. चांदीच होती. कानातला सरकारी बिल्ला तुटून गेलेला, अंग खरचटलेलं, मान खाली. पण हंबीरराव म्हणाले, "ही आमची सोनी. पुरात सुटल्याली. तिची तीच घराकडं आली."

त्यांचीही काळी गाभण म्हैस पुरात गेली होती. ते खोटं बोलत नव्हते, मित्रांनो. त्यांना तसं मनापासून वाटत होतं. गेलेलं परत आलं असं कुणाला वाटू नये?

शालूबाईंनी हाक मारली, "चांदे!" म्हशीनं मान वर केली. हंबीररावांच्या बायकोनं, चिमणाबाईंनी हाक मारली, "सोने!" म्हशीनं तिच्याकडंही बघितलं. पुरात भ्यालेलं जनावर, ते हरेक आवाजाला दचकत होतं. मग गावातले एक वडीलधारे, गणपतराव, मध्ये पडले.

"भांडू नगासा. तुमच्या दोगांच्याबी म्हशी पाडव्याला पळणाऱ्या हायत न्हवं? मग रविवारी आपापल्या गाड्या आणा. जिच्या मागं म्हैस जाईल तिची म्हैस."

असा निवाडा जगात दुसरीकडं कुठं होत असेल असं मला वाटत नाही. परत आल्यावर शालूबाईंनी पदर खोचला आणि फक्रुद्दीनमिस्त्रींच्या गॅरेजात येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, गाडी सुरू झाली पायजे."

मिस्त्रींनी मला नटबोल्टापर्यंत उलगडलं. रॉकेलनं धुतलं. पिस्टन अडकून बसला होता, तो हळूहळू बोलता केला. कार्बोरेटरमधून एक छोटा खेकडा निघाला, त्याला त्यांनी नाल्यात सोडलं. शेवटी सायलेन्सर हातात घेतला. गंजलेला आणि भोक आणखी मोठं झालेलं. त्यांच्याकडं नवा होता. त्यांनी तो काढला.

"नगा," शालूबाई म्हणाल्या. "आवाज बदलला तर ती कुणाकडं बघून यायची?"

"म्हंजे भोकासकट बसवू?"

"भोकासकट. आन वाढल्यालं तेवढं बुजवा. पयलं जेवढं हुतं तेवढंच ठेवा."

मिस्त्री हसायला लागले. "जन्मभर भोकं बुजवली, वैनी. भोक मापात ठेवायचं काम आज पयल्यांदा आलं."

त्यांनी ते केलं. थोडं बुजवायचं, किक मारायची, कान द्यायचा, पुन्हा थोडं घासायचं. पुण्याहून धावत आलेली पूर्णिमा शेजारी बसून ऐकत होती. तिच्या लहानपणाची प्रत्येक संध्याकाळ त्या आवाजानं झालेली. "अजून जरा घोगरा, काका," ती म्हणायची. "आता पातळ झाला." आणि एका किकेला मिस्त्रींनी हातातली कानस खाली ठेवली. मी माझ्या आवाजात बोलले होते.

रविवारी टेम्पोतून निघालो. सयाजीरावांना पुढच्या सीटवर बसवलं होतं. बाळासो म्हणाले, "दाजींस्नी कशाला तरास?" शालूबाई म्हणाल्या, "म्हैस कुणाची हाय?" एवढंच.

गावाबाहेरच्या मोकळ्या रानात निम्मा गाव जमला होता. गावातल्या दहा-बारा म्हशी एका बाजूला होत्या, त्यांत चांदी. पहिली पाळी त्यांची. त्यांची गाडी नवी, चकचकीत, आवाज असा की पाखरं उडाली. तो आवाज ऐकताच तीन म्हशी उधळल्या आणि त्यांच्या मागं पळत सुटल्या. त्यातली एक तर गणपतरावांचीच होती.

"आरं, माजी म्हस कुठं चालवली!" म्हातारा काठी घेऊन मागं धावला. रानभर हशा पिकला.

चांदी मात्र हलली नाही. "भ्यालीया ती," हंबीरराव म्हणाले.

मग आमची पाळी. पूर्णिमा माझ्यावर बसली आणि तिनं किक मारली. मी सगळा जीव लावून आवाज काढला. चांदीचे कान उभे राहिले. एक पाऊल पुढं आलं. पूर्णिमेनं एक्सिलेटर पिळला, मी एकदाच मोठ्यानं गरजले. चांदी थांबली. तिनं डोळे बारीक केले, हुंगलं, आणि मान पुन्हा खाली घातली.

"बघा," हंबीरराव म्हणाले. "न्हाई न्हवं येत?"

शालूबाईंनी तोंडाला पदर लावला. फक्रुद्दीनमिस्त्री माझ्याकडं असं बघत होते जणू चूक त्यांच्या हातून झाली. पण आवाज बरोबर होता. आवाज माझाच होता. मला कळत होतं काय कमी आहे ते, आणि सांगता येत नव्हतं. मित्रांनो, यापेक्षा मोठी शिक्षा यंत्राला नसते.

तेवढ्यात टेम्पोत धाडधाड आवाज झाला. सयाजीराव उजव्या हातानं दार बडवत होते. तोंडातून नुसता घशातला आवाज येत होता.

"उन्हाचा तरास व्हतोय त्यांस्नी," बाळासो धावले. "पाणी द्या, पाणी!"

कुणीतरी तांब्या पुढं केला. सयाजीरावांनी तो बाजूला सारला. त्यांनी हात वर उचलला, मूठ वळली आणि हवेत पिळली. दोन आखूड. एक लांब.

पूर्णिमा माझ्यावरून उतरली नाही, तिनं उडीच मारली. "मामा, सोडा त्यांना! पाणी नकोय आबांना. गाडी हवीय!"

फक्रुद्दीनमिस्त्रींनी त्यांना काखेत धरून आणलं. मी स्टँडवर उभी होते, इंजिन चालूच होतं. सयाजीरावांचा उजवा हात माझ्या मुठीवर आला. किती दिवसांनी आला, ते विचारू नका. तो हात वाळला होता, पण त्याची पिळायची रीत तीच होती. पिळून झाल्यावर ते मूठ एकदम सोडत नसत. अंगठ्यानं हळू मागं आणत, त्यामुळे माझा आवाज शेवटी असा उतरत यायचा, लहान पोराला 'ये गं' म्हणावं तसा.

डुर्र. डुर्र. डुर्रर्रर्र...

चांदीनं मान झटकली. तिनं रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हंबरडा फोडला आणि निघाली. पोटाचा भार सांभाळत, शेपटी वर करून, मधल्या चार माणसांना बाजूला ढकलत ती आली, आणि माझ्या मागच्या चाकाशी, तिच्या ठरलेल्या जागी, दिव्याला नाक लावून उभी राहिली. मग माझ्या तापलेल्या इंजिनाच्या बाजूला अंग टेकलं.

गणपतरावांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

हंबीरराव पुढं आले. मला वाटलं ते शालूबाईंशी बोलतील, किंवा मिस्त्रींशी. सहा-सात महिने झाले, सगळे तसंच करत होते. सयाजीराव समोर बसलेले असले तरी 'ह्यांनी खाल्लं का', 'ह्यांस्नी झोप लागती का' असं दुसऱ्याला विचारत. हंबीरराव तसे बोलले नाहीत. ते म्हसवाल्यांच्या कुळातले; म्हशीचं मालकालाच विचारायचं, ही त्यांची रीत. ते सयाजीरावांच्या समोर उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "सयाजीराव, चुकी झाली. कुणाची म्हैस ही? तुमी सांगा. तुमी सांगिटल्याबिगार मी दावं द्यायचा न्हाई."

सयाजीरावांची जीभ हलली, अडली, पुन्हा हलली. घाम फुटला. शालूबाई मदतीला पुढं होणार तोच पूर्णिमेनं त्यांचा हात धरला. थांबणं जड गेलं, पण सगळे थांबले.

"आ... आम... आमची," सयाजीराव म्हणाले.

हंबीररावांनी चांदीच्या गळ्यातलं लोंबतं दावं उचलून शालूबाईंच्या हातात दिलं. आता रडायची पाळी चिमणाबाईंची होती. त्यांची सोनी पुरातच गेली, हे त्यांना आत्ता, या क्षणी समजलं होतं. शालूबाई त्यांच्याजवळ गेल्या.

"ताई, तुमच्याच दारात जगली ही. व्याली की पयला खरवस हितं यील. घिऊन मीच येती."

परत जाताना टेम्पो रिकामा गेला. पुढं मी, माझ्यावर पूर्णिमा, तिच्या मागं सयाजीराव, तिच्या हातावरून एक्सिलेटरवर त्यांचा हात. शेजारून चालत त्यांना धरलेले मिस्त्री आणि दुसऱ्या बाजूनं बाळासो, आणि मागं चांदी. पुलावर गाड्यांची रांग लागली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तर बाळासो वळून गरजले, "ओ पावणं, दम धरा की! दाजी गाडी चालवायल्यात, दिसंना व्हय?"

पूर्णिमा वाटेत एवढंच म्हणाली, "काका, मला कामावर कुणी पुन्हा विचारलं ना, की सजीव कशाला म्हणायचं, तर मला नव्यानं विचार करावा लागणार." मिस्त्री म्हणाले, "मग कर की. टाळकं हाय, पेट्रोल लागत न्हाई त्येला."

मित्रांनो, स्वतःची जाणीव कुणाला असते आणि कुणाला नसते, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. चांदी आरशाच्या परीक्षेत नापास आहे. मला तर परीक्षेलाच बसू दिलेलं नाही. आणि सयाजीरावांची परीक्षा घ्यायचा हक्क कुणाला होता, हे मला अजून समजलेलं नाही. मी लोखंडाची आहे, फुटक्या सायलेन्सरची आहे, आणि त्या दिवशी माझ्या आवाजाशिवाय कुणाचं चाललं नाही, एवढं मला माहीत आहे. मला माहीत आहे असं मी म्हणते. कुणाची हरकत असेल तर त्यानं शिवाजी पेठेत येऊन सांगावं.

तुमच्या घरीही एखादी ताडपत्रीखालची गाडी असेल, शिवणयंत्र असेल, दाव्याला बांधलेलं म्हातारं जनावर असेल. कोपऱ्यातल्या खुर्चीत एखादे आजोबा असतील. गाडीला आठवड्यातून एक किक मारा, चेनला तेल घाला. जनावराच्या मानेवर हात फिरवा. आणि आजोबांना पाणी हवं का, ते आजीला विचारू नका. आजोबांना विचारा. विचारून झालं की लगेच निघू नका, उत्तराला वेळ लागतो. तो वेळ द्या.

सयाजीरावांनी 'आमची' म्हटलं तेव्हा त्या शब्दात कोण कोण होतं, ते त्यांना कुणी विचारलं नाही. शालूबाई असतील, पूर्णिमा असेल, फक्रुद्दीनमिस्त्री तर असणारच. मी होते की नव्हते, हे मीही विचारलं नाही.

मी धरून चालले.